डग्गा कुठं गेला?

मार्चमध्ये मिरजेहून दाजींचा फोन आला. "अरे, नवीन स्पीकर आणलेत. आवाज लख्ख आहे. पण तबला लावला की नुसती चाट ऐकू येते. डग्गा गेला कुठं?"

दाजी म्हणजे आक्काचे यजमान. एसटीत वाहतूक नियंत्रक होते आणि चाळीसेक वर्षं ब्राह्मणपुरीतल्या भजनात तबल्याला बसत आलेत. त्यामुळं डग्गा, म्हणजे तबल्याच्या जोडीतला डाव्या हाताचा, खर्जात घुमणारा, गेला म्हणाले म्हणजे गेलाच. दुकानदाराला विचारलं तर तो म्हणाला, "एक सबवूफर जोडा, बारा-चौदा हजारांत होईल." सबवूफर म्हणजे फक्त खालचे सूर वाजवणारा वेगळा डबा. दाजी पैसे काढायच्या तयारीत होते. मी म्हटलं, "रविवारी येतो, तोवर खिशात हात घालू नका."

मी सांगलीतल्या एका कॉलेजात फिजिक्सच्या लॅबमध्ये ३१ वर्षं असिस्टंट होतो. तारा, मीटर, ट्यूनिंग फोर्क आणि पोरांनी जाळलेले रेझिस्टर हाच माझा संसार. निवृत्तीनंतर ओळखीपाळखीचे लोक बिघडलेले सेट घेऊन येतात. बेस, म्हणजे खालचे सूर, कमी वाटणाऱ्या दहा सेटमधले सहा-सात तरी मी एक रुपयाही न खर्चता परत पाठवलेत. कारण बहुतेक वेळा बेस कमी तयार होत नसतो. तो तयार होतो आणि वाटेतच वजा होतो. वजाबाकी कुठं होतेय ते शोधायचं. ते शोधायच्या आत जो नवीन डबा विकत घेतो, तो वजाबाकीत आणखी एक आकडा घालतो.

आधी कानाची आणि आवाजाची गोष्ट, कारण इथं काहीच बिघडलेलं नसतं. दाजी दुपारी ऐकतात, तेव्हा आक्का आतल्या खोलीत झोपलेली असते. म्हणजे आवाज अगदी बारीक. माणसाचा कान बारीक आवाजात खर्ज फार कमी ऐकतो. फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ साली याचे आलेख काढले, तेव्हापासून ही गोष्ट पुस्तकात आहे. जुन्या अ‍ॅम्प्लिफायरवर 'लाउडनेस' नावाचं बटण असायचं, ते याचसाठी: आवाज कमी ठेवला की खालचे सूर थोडे उचलायचे. तुमच्या अ‍ॅम्पला ते बटण असेल तर बारीक आवाजात ते दाबा आणि मोठ्यानं ऐकताना काढा. आणि तपासणी करताना आवाज बोलण्याइतका तरी ठेवा, नाहीतर कानाचा दोष स्पीकरवर जाईल.

दुसरं म्हणजे ऐकायला काय लावायचं. दाजींनी मला मोबाईलमधला तानपुरा लावून दाखवला. "हे बघ, काळी एकचा खर्ज कसा स्पष्ट येतोय. म्हणजे स्पीकर चांगले आहेत, तबल्याचं रेकॉर्डिंगच वाईट असणार." इथं भलेभले फसतात. पुरुषांच्या काळी एकला, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीला, खर्जाची तार साधारण ६९ हर्ट्झवर (सेकंदाला ६९ कंपनं) असते हे खरं. पण जवारीमुळं, म्हणजे घोडीवर तार घासून येणाऱ्या झणकारामुळं, तानपुऱ्यात वरचे स्वरांश (मूळ सुराच्या पटीतले सूर) इतके भरभरून असतात, की मूळचे ६९ गायब झाले तरी कान वरच्यांवरून खालचा सूर स्वतःच भरून काढतो. तळहाताएवढ्या ब्लूटूथ डब्यावरही तानपुरा खर्जात वाजल्यासारखा वाटतो तो म्हणूनच. बेस तपासायला तानपुरा कामाचा नाही. पखवाज घ्या, डग्गा घ्या, ढोल घ्या, जिथं हवा ढकलली जाते असं काहीतरी. आणि तपासणी संपेपर्यंत तेच एक रेकॉर्डिंग ठेवा. दर वेळी गाणं बदललंत तर नक्की कशानं फरक पडला ते कळणार नाही. लॅबमध्ये पोरांना मी हेच ओरडून सांगायचो, की एका वेळी एकच गोष्ट बदला.

वायरी

बेस अचानक किंवा पहिल्या दिवसापासूनच गायब असेल तर आधी वायरी बघा. दोन स्पीकरपैकी एकाची लाल-काळी वायर उलटी लागली, की एकाचा पडदा बाहेर येतो तेव्हा दुसऱ्याचा आत जातो. एक हवा ढकलतो, दुसरा ओढतो. ६० हर्ट्झची लाट साधारण १९ फूट लांब असते. तिच्यापुढं सहा फुटांवर ठेवलेले दोन स्पीकर म्हणजे जवळजवळ एकाच जागी ठेवल्यासारखे, त्यामुळं ढकलणं आणि ओढणं एकमेकांना खाऊन टाकतं. वरच्या सुरांच्या लाटा चार-पाच इंचांच्या, त्या कुठं जुळतात कुठं खोडतात, कानाला पत्ता लागत नाही. म्हणून उलट्या वायरीत आवाज 'लख्ख' असतो आणि बुडच नसतं. आणखी एक खूण आहे. गाणारा दोन स्पीकरच्या मधोमध बसलेला वाटायला हवा. वायर उलटी असली की तो सगळ्या खोलीत पसरल्यासारखा, किंवा आपल्या डोक्यातच बसल्यासारखा वाटतो.

मी दाजींच्या अ‍ॅम्पमागं टॉर्च धरून बघितलं. लाल लालला, काळी काळीला. स्पीकरमागंही तसंच. दाजी म्हणाले, "मी दोनदा तपासलंय. एसटीत आयुष्य गेलं, बोर्ड उलटा लावत नसतो मी."

तरी मी खिशातून घड्याळाचा सेल काढला. हा प्रयोग कुणालाही करता येतो. अ‍ॅम्प बंद करा, प्लग काढा, स्पीकरच्या वायरी अ‍ॅम्पच्या बाजूनं सोडवा. स्पीकरची जाळी काढा आणि कुणालातरी वूफरकडं, म्हणजे खालच्या सुरांच्या मोठ्या पडद्याकडं, बघत बसवा. १.५ व्होल्टच्या साध्या सेलचा प्लस लाल वायरीला आणि मायनस काळीला नुसता क्षणभर टेकवा. 'टप्प' असा आवाज येतो आणि पडदा हलतो. तो बाहेर झेपावला पाहिजे. सेल धरून ठेवायचा नाही, टेकवून काढायचा. दोन्ही स्पीकरना करायचं. ट्वीटरकडं, म्हणजे वरच्या सुरांच्या छोट्या पडद्याकडं, लक्ष देऊ नका, त्याला बनवणाऱ्यानं मुद्दाम उलटं जोडलेलं असू शकतं. ज्या स्पीकरच्या पोटातच अ‍ॅम्प असतो त्यांना मात्र हा प्रयोग करायचा नाही.

नातू टक लावून बसला होता. डाव्याला टेकवलं, "बाहेर!" उजव्याला टेकवलं, "मामाआजोबा, आत गेलं."

दाजी काही बोलले नाहीत. मी उजवी वायर हातात धरून माग काढत निघालो. टेबलामागून सतरंजीखाली, सतरंजीखालून दिवाणाखाली. आणि दिवाणाखाली काळ्या टेपचा एक गोळा. वायर कमी पडली म्हणून दाजींनी घरातला जुना तुकडा जोडला होता. नव्या वायरीला लाल-काळा रंग, जुन्या पारदर्शक वायरीत एक तार तांब्याची आणि एक चंदेरी. त्या गोळ्याच्या आत अदलाबदल झाली होती, आणि अ‍ॅम्पच्या टोकाला दाजींनी आपल्या हिशेबानं लाल टेप गुंडाळला होता. दोन्ही टोकांना सगळं बरोबर, मध्येच उलटं. डोळ्यांनी तपासून हे सापडत नाही म्हणूनच सेल लागतो.

सेल लावायची भीती वाटत असेल तर आणखी सोपं सांगतो. दोन्ही स्पीकर समोरासमोर, चारेक बोटांच्या अंतरावर ठेवा. फोनच्या सेटिंगमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटीत 'मोनो ऑडिओ' असतं ते चालू करा आणि पखवाज लावा. मग अ‍ॅम्प बंद करून फक्त एका स्पीकरची लाल-काळी अदलाबदल करून पुन्हा लावा. दोनपैकी ज्या जोडणीत पोटात ठोका बसतो ती खरी. फरक इतका मोठा असतो की शंका उरत नाही.

वायरीच्या जाडीबद्दल लोक उगाच घाबरवतात. पाच मीटर अंतरासाठी अर्धा चौरस मिलिमीटरची बारीक वायर घेतली तरी जाऊन-येऊन तांब्याचा विरोध साधारण ०.३४ ओहम भरतो. ८ ओहमच्या स्पीकरपुढं ते फार नाही. त्यानं आवाज किंचित कमी होईल, पण डग्गा गायब होणार नाही. दीड चौरस मिलिमीटरची घरगुती लाइटफिटिंगची वायर घ्या आणि विषय संपवा. हिरवी पडलेली टोकं मात्र कापून नव्यानं सोला. पुराचं पाणी लागलेल्या घरांत मला ही हिरवी टोकं हमखास सापडतात.

खोली

वायर सरळ केल्यावर डग्गा आला. दाजी मात्र आपल्या खुर्चीत जाऊन बसले आणि म्हणाले, "इथं नाही रे तेवढा." मी दाराजवळ उभा होतो, तिथं चांगला घुमत होता. आम्ही जागा बदलल्या, तर त्यांनाही ते कळलं.

बारावीच्या प्रॅक्टिकलला पाण्याची नळी असते, आठवत असेल. ५१२ हर्ट्झचा फोर्क वाजवायचा, नळीतलं पाणी खाली-वर करायचं आणि साधारण १६-१७ सेंटिमीटरवर नळी एकदम बोलायला लागते. मी ती नळी ३१ वर्षं धुतली. तुमची बैठकीची खोली म्हणजे दोन्ही बाजूंनी बंद केलेली तीच नळी, फक्त मोठी. दोन भिंतींमध्ये ठराविक सुराची लाट अडकते. भिंतींपाशी तिचा दाब सगळ्यात जास्त असतो आणि बरोब्बर मध्यभागी जवळपास शून्य.

तो सूर कोणता, याचा हिशोब बोटांवर होतो. ५६६ ला खोलीच्या फुटांनी भागा. १२ फुटी खोलीला ४७ हर्ट्झ, १० फुटीला साधारण ५७. दाजींची खोली १२ बाय १०. आणि त्यांची खुर्ची पंख्याखाली, म्हणजे लांबीच्याही मध्यावर आणि रुंदीच्याही. उन्हाळ्यात मिरजेत पंखा सोडून कोण बसेल? पण त्या एका जागेवर दोन्ही सूर एकदम मेलेले. खुर्ची दोन-अडीच फूट मागं सरकवली आणि पंख्याचा वेग एका आकड्यानं वाढवला. एवढ्यानं डग्ग्याला अंग आलं.

स्पीकरच्या जागेचाही असाच हिशोब आहे. स्पीकरमधून निघालेला खर्ज सगळीकडं पसरतो, मागच्या भिंतीवर आपटून परत येतो. वूफरपासून भिंतीपर्यंतचं अंतर एखाद्या लाटेच्या पाव हिश्श्याइतकं असेल, तर परत आलेली लाट पुढं जाणाऱ्या लाटेच्या बरोबर उलट पडते. म्हणजे इथंही वजाबाकीच. २८३ ला त्या अंतराच्या फुटांनी भागा, कोणता सूर खाल्ला जातो ते येईल. दाजींनी मागं भांड्यांचं शोकेस उघडायला जागा हवी म्हणून स्पीकर तीन फूट पुढं ठेवले होते. २८३ भागिले ३ म्हणजे ९४ हर्ट्झ. नेमका तबल्या-पखवाजाच्या घुमाऱ्याच्या पट्ट्यातला सूर. स्पीकर मागं सरकवून वूफर भिंतीपासून फूटभरावर आणला की खाल्ला जाणारा सूर २८३ च्या आसपास जातो. तिथं नुकसान कमी जाणवतं आणि त्याच्या खालच्या सुरांना उलट भिंतीचा आधार मिळतो.

कोपऱ्यात ठेवलं तर आणखी आधार मिळतो, कारण दोन भिंती आणि जमीन तिन्ही मदतीला येतात. पण कोपऱ्यातला बेस पुष्कळदा गुबगुबीत, ओल्या पोत्यावर मारल्यासारखा होतो. मला स्वतःला तो आवडत नाही. डग्ग्यावर तळहात घासून काढलेली मींड ऐकू यायला हवी, नुसता 'धूम' काय कामाचा. भिंत जवळ करा, कोपरा शेवटी बघा. आणि स्पीकरच्या पाठीला हवेचं भोक असेल तर ते भिंतीला चिकटवू नका, वीतभर जागा सोडा.

खोलीचा स्वभावही बघावा लागतो. गावभागातल्या जुन्या वाड्यांच्या दोन-दोन फूट जाड भिंती खर्ज आत कोंडून ठेवतात. तिथं एका जागी बेस अंगावर येतो आणि हातभर सरकलं की नाहीसा होतो. पत्र्याच्या खोलीत उलटं, पत्रा स्वतःच थरथरतो आणि खालचे सूर बाहेर जातात. शेजाऱ्याला तुमच्यापेक्षा चांगला बेस ऐकू येतो म्हणा ना. तिथं कितीही सरकवासरकवी केली तरी वाड्यासारखा घुमारा मिळणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

मोबाईलवर टोन जनरेटरची फुकट अ‍ॅप्स मिळतात. शुद्ध सूर लावून आवाज बेतानं ठेवा आणि आपल्या नेहमीच्या जागी बसून ४० पासून २०० हर्ट्झपर्यंत सावकाश वर जा. कुठं एकदम खड्डा पडतो ते कागदावर लिहा. खड्डा पडला की सूर तसाच ठेवून उठा आणि खोलीत चाला. दोन पावलांवर आवाज परत आला तर दोष खोलीचा. कुठंच आला नाही तर दोष स्पीकरचा किंवा त्याच्या मागच्या यंत्राचा. लहान स्पीकरना ४० च्या खालचा सूर मोठ्यानं देऊ नका, पडदा उगाच फडफडतो आणि त्याच्यामागची तारेची कॉइल आपटते.

ज्यांच्याकडं सबवूफर आहे त्यांच्यासाठी एक हास्यास्पद दिसणारी पण पक्की युक्ती. सबवूफर उचलून आपल्या खुर्चीवर ठेवा, पखवाज लावा आणि स्वतः भिंतीच्या कडेकडेनं जमिनीलगत रांगत जा. जिथं बेस भरदार आणि स्वच्छ लागेल तिथं सबवूफर ठेवा. गुडघ्यांना झेपत नसेल तर नातवाला रांगायला लावा.

सेटिंग

हे पटकन सांगतो. होम थिएटरच्या रिसीव्हरला विचारा की त्याच्या मते सबवूफर जोडलेला आहे का. विश्रामबागेत एका घरी सबवूफर बिघडला म्हणून काढून ठेवला होता, पण मेनूत 'सबवूफर: यस' आणि स्पीकर 'स्मॉल' तसंच. रिसीव्हर इमानदारीत ८० हर्ट्झच्या खालचं सगळं त्या रिकाम्या भोकातून पाठवत होता. 'नो' केलं, दोन मिनिटांत बेस आला. टीव्हीतला 'नाइट मोड' आणि 'क्लिअर व्हॉइस' बंद करा. फोनमधला इक्वलायझर सपाट करा. सबवूफरच्या पाठीला ० आणि १८० असा फेजचा खटका असतो. खुर्चीत बसा, दुसऱ्याला तो इकडं-तिकडं करायला सांगा आणि जिथं जास्त भरतं तिथं ठेवा.

इक्वलायझर वर ओढून बेस आणायच्या मागं लागू नका. १० डेसिबल वाढवले म्हणजे त्या सुराला अ‍ॅम्पकडून दहापट ताकद मागितली. दोन वॅट लागत होते तिथं वीस. आणि खोलीच्या वजाबाकीतला खड्डा त्यानंही भरत नाही, कारण जेवढं वाढवाल तेवढंच वजा होतं. वूफर मात्र जळतो.

डबा आणि वूफर

जुन्या स्पीकरचा बेस हळूहळू, वर्षा-दोन वर्षांत उतरत गेला असेल तर डब्याकडं वळा.

मिरजेच्या सतारमेकर गल्लीतल्या तानपुऱ्याला आणि सतारीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तिथल्या कुणाही कारागिराला विचारा, भोपळ्याला बारीक चीर गेली की वाद्याचं काय होतं. तारा त्याच, हात तोच, पण घुमारा जातो. स्पीकरचा डबा म्हणजे चौकोनी भोपळाच. पडद्याच्या पुढची हवा आणि मागची हवा एकमेकींना भेटू नये म्हणून डबा असतो. कुठं फट पडली की पुढचं-मागचं भेटतं आणि पुन्हा तीच वजाबाकी.

२०१९ च्या ऑगस्टात कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं, त्यानंतर वर्षभर माझ्याकडं असे डबे येत होते. लोकांनी टीव्ही माळ्यावर टाकला, स्पीकर राहिले. एमडीएफचं, म्हणजे दाबलेल्या भुशाचं, लाकूड पाणी पिऊन बुडाशी पावासारखं फुगतं. वाळल्यावर वरून ठीक दिसतं, पण मागचा सांधा सुटलेला असतो. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या स्पीकरचं असंच झालं होतं. त्यानं दोनदा वूफर बदलला, बेस काही येईना. मी ५० हर्ट्झचा सूर लावला, उदबत्ती पेटवली आणि सांध्याकडेनं सावकाश फिरवत नेली. धूर सरळ वर जात होता, सरळ वर जात होता, आणि डाव्या खालच्या कोपऱ्यापाशी आल्यावर एकदम फरफर करून आडवा कापला गेला. कानाला काही कळत नव्हतं, धुरानं जागा दाखवली. सांध्यात फेविकॉल भरून रात्रभर दोरीनं आवळून ठेवला, वूफरच्या कडेनं खिडकीला लावतात ती फोमची पट्टी बसवली. ८० रुपयांत काम झालं. वूफरचे गेलेले पैसे त्याला विचारू नका. उदबत्ती पडद्यापासून मात्र लांब धरा, कागदाला ठिणगी पुरते.

डब्याला हवेचं गोल भोक असेल तर आत टॉर्च मारा. मला आतापर्यंत तिथं गोट्या, रिमोटचं झाकण, पालीची अंडी आणि एकदा उंदरानं साठवलेली ओंजळभर भुईमुगाची टरफलं सापडलीत.

मग जाळी काढून पडद्याभोवतीची कड बघा. रबरी कड वर्षानुवर्षं टिकते. फोमची असेल तर दहा-पंधरा वर्षांत आपोआप कुजते. बोट लावलं की चुरा हाताला येतो. कड तुटली की पडदा लंगडतो आणि खालचे सूर संपले. पूर्ण वूफर टाकायची गरज नाही, फक्त कड बदलून मिळते. दोन्ही हातांची बोटं पडद्यावर समान टेकवून हलकेच आत ढकला. मऊ जाऊन परत आला पाहिजे. आतून खरखर ऐकू आली तर कॉइल घासतेय. ते घरी दुरुस्त करायचं काम नाही.

मल्टिमीटर असेल तर वायरी सोडवून ओहम मोजा. ८ ओहमचा स्पीकर मीटरवर साधारण ६ च्या आसपास दाखवतो, ४ ओहमचा साडेतीनच्या जवळ. छापील आकड्यापेक्षा कमी दिसला म्हणून घाबरू नका, ते बरोबर आहे. दोन-मार्गी स्पीकरमध्ये ट्वीटरच्या वाटेत कपॅसिटर असतो, तो मीटरचा प्रवाह अडवतो, त्यामुळं मीटरला दिसतो तो वूफरच. काहीच आकडा आला नाही तर वूफरची कॉइल तुटलीय किंवा आतला जोड सुटलाय, आणि तुम्ही इतके दिवस नुसता ट्वीटर ऐकताय.

अ‍ॅम्प

आजकाल पोरं ऑनलाइन छोटे ब्लूटूथ अ‍ॅम्पबोर्ड मागवतात. वर '१०० वॅट' छापलेलं. टीपीए ३११६ जातीच्या चिपला जाहिरातीतली ताकद द्यायला २० व्होल्टच्या पुढं लागतात आणि हे लावतात वायफाय राउटरचा जुना १२ व्होल्टचा अडॅप्टर. १२ व्होल्टवर ८ ओहमच्या स्पीकरला कागदावर जेमतेम ९ वॅट निघतात. ठोका आला की आवाज बसतो, दिवा मंदावतो. चिपच्या मर्यादेतला, पुरेशा अँपियरचा अडॅप्टर द्या. १९ व्होल्टचा जुना लॅपटॉप चार्जर बहुतेकांना चालतो, पण आधी बोर्डावर लिहिलेली कमाल मर्यादा वाचा.

जुन्या, एकाच पुरवठ्यावर चालणाऱ्या अ‍ॅम्पमध्ये स्पीकरच्या वाटेत एक मोठा कपॅसिटर असतो, बहुधा १००० किंवा २२०० मायक्रोफॅरॅडचा. १००० चा असेल तर ८ ओहमच्या स्पीकरला तो खाली साधारण २० हर्ट्झपर्यंत वाट देतो. पंचवीस-तीस वर्षांत तो आतून सुकतो. सुकून १०० वर आला की हीच सीमा २०० हर्ट्झवर जाते. डग्गा, पखवाज, सगळं दाराबाहेर. एकाच बाजूचा बेस गेला असेल तर दोन्ही बाजूंचे स्पीकर अदलाबदल करून बघा. दोष स्पीकरबरोबर फिरला तर स्पीकर, जागेवरच राहिला तर अ‍ॅम्प किंवा त्याच्या आधीची केबल. कपॅसिटर पंचवीस-तीस रुपयांचा असतो. पण डबा उघडायचा तर प्लग काढून पुष्कळ वेळ थांबा. मोठ्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते. सोल्डरिंगची सवय नसेल तर मेकॅनिककडं जा आणि त्याला 'बेस नाही' एवढंच न सांगता 'आउटपुटचा कपॅसिटर मोज' म्हणून सांगा.

एवढं सगळं करून बेस नसेल, आणि वूफर तीन-चार इंचांचा असेल, तर तो बिचारा मुळातच तिथवर जात नाही. मग सबवूफर खुशाल घ्या. मी त्याच्या विरोधात नाही.

दाजींना तो लागला नाही. संध्याकाळी आम्ही दिवाणाखालचा जोड काढून अखंड वायर टाकली, स्पीकर भिंतीकडं सरकवले, खुर्ची मागं घेतली. दाजींनी पखवाजाची रेकॉर्डिंग लावली आणि पहिल्याच 'धा'ला मांडीवर थाप दिली. तेवढ्यात कुठूनतरी 'झर्रर्र' आवाज यायला लागला. दाजींचा चेहरा उतरला. "फाटला वाटतं स्पीकर."

मी टोन जनरेटर काढून सूर सावकाश वर नेला. ७२ ला झरझर सुरू, ७८ ला बंद. ठराविक सुरालाच आवाज येत असेल तर आधी खोलीतल्या वस्तू धरून बघायच्या, स्पीकर नंतर. नातू एकेका वस्तूवर हात ठेवत गेला. फोटोची फ्रेम, खिडकीची काच, घड्याळ. शोकेसला हात लावल्यावर आवाज थांबला. आत आक्काच्या रुखवतातली स्टीलची ताटं उभी रचून ठेवली होती.

आक्का दारात येऊन म्हणाली, "माझी ताटं हलवायची नाहीत हं."

"हलवत नाही. मधे घालायला काहीतरी मऊ दे."

तिनं आतून दाजींची जुनी बनियन आणून दिली.

"ती मी अजून वापरतो," दाजी म्हणाले, पण तोवर कात्री आली होती.